मालक बागेत नसताना केळी कशी कापली जाते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रावेर-सावदा पट्ट्यात तुमचं केळीचं पॅकहाऊस आहे. कापणीच्या तीन टोळ्या, पॅकिंगवर बावीस बाया, चार ड्रायव्हर, एक सुपरवायझर. ज्या बागेत तुम्ही स्वतः उभे राहता तिथला माल चोख येतो आणि बाकीच्या दोन बागांतल्या मालाच्या तक्रारी दिल्लीहून येतात. तुम्ही आठ कॅमेरे लावले, उशिरा येणाऱ्याला पन्नास रुपये दंड ठेवला, तासातासाला फोन करता. तरीही पाठ फिरली की काम ढिलं पडतं. तर या माणसांना कामाची आच लावायची कशी?

मी जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिलमध्ये सव्वीस वर्षं काढली. त्यातली शेवटची बारा वर्षं सगळं उत्पादन माझ्याकडे होतं. आता लहान कारखाने आणि केळीची पॅकहाऊस बोलावतात तिथे जातो. त्या अनुभवावरून सांगतो, भाऊ. तुमच्या माणसांना आच नाही हे मला पटत नाही. आपण केलेल्या कामाचं पुढे काय झालं हेच त्यांना कधी कळत नाही, आणि ज्याला निकाल कळत नाही तो मालकाच्या तोंडाकडे बघून काम करतो. मालक समोर नसला की त्याला बघायला काही उरत नाही.

केळीत तर हे फारच ठळक आहे. खांद्यावरचा घड जरा जोरात टेकवला, फणी काढताना दुसऱ्या फणीचं टोक घासलं, क्रेटमध्ये एक थर जास्त रचला, तरी हिरव्या केळावर त्या वेळी काही दिसत नाही. ट्रक भरून जातो. तिकडे पिकवणीच्या खोलीत चार-पाच दिवसांनी केळं पिवळं होतं आणि तेव्हा तो मार काळा होऊन वर येतो. व्यापारी फोटो काढून तुमच्या मोबाइलवर टाकतो, भाव तोडतो. तुम्ही संतापून टोळीला फोन लावता. टोळीने तोवर आणखी सात-आठ बागा कापलेल्या असतात. कुठली बाग, कोणाचा खांदा, कोणता क्रेट, कोणाला आठवणार? शेठ आज चिडलेत एवढंच त्यांच्या पदरात पडतं. असं तीन-चार वेळा झालं की शेठचा राग हा वाऱ्या-वादळासारखा मानला जातो, येतो आणि जातो.

माझ्यावर हीच वेळ आली होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुरीची डाळ करताना तूर आधी रोलरवर घासून टरफलाला ओरखडे पाडतात, तेल लावतात, ढीग मारून रात्रभर मुरू देतात, मग उन्हात वाळवून पुन्हा रोलरला घेतात. ओल बेताची असेल तर टरफल सुटतं आणि दाणा शाबूत राहतो. ओल जास्त राहिली तर टरफल चिकटून बसतं, रोलर आवळावा लागतो आणि दाणाच झिजून त्याची चुनी, म्हणजे भुकटी, होते. मिलमध्ये सगळा खेळ उताऱ्याचा असतो. शंभर किलो तुरीतून डाळ किती आणि तुकडा-चुनी किती, यावर मिल तरते किंवा बुडते.

मी सुपरवायझर झालो तेव्हा रात्रपाळीचा उतारा दिवसपाळीपेक्षा कायम कमी यायचा. रात्री माणसं झोपा काढतात, असं मालकांचं मत होतं आणि माझंही. म्हणून मी दोन महिने रात्रीचा मिलमध्ये बसलो, रोलरवाल्याच्या मागे खुर्ची टाकून. उतारा जागचा हलला नाही. तो रोलरवाला पारोळा तालुक्यातला, पन्नाशीचा माणूस. नुसत्या आवाजावरून माल कसा चाललाय ते ओळखायचा. मध्येच मशीन थांबवायचं, मूठभर माल हातात घ्यायचा, दोन दाणे दाताखाली धरून बघायचे आणि मग रोलर सैल करायचा किंवा आवळायचा, अशी त्याची पद्धत होती. मी मागे बसायला लागल्यापासून त्याने मशीन थांबवणंच सोडलं. थांबलं की मी विचारणार, “काय झालं? का थांबवलं?” त्यापेक्षा चालू ठेवलेलं बरं. म्हणजे त्याचं जे खरं कसब होतं तेच माझ्या खुर्चीने बंद पाडलं. हे मला फार उशिरा कळलं आणि त्याचं आजही वाईट वाटतं.

नंतर मी एक साधी गोष्ट केली. प्रत्येक पाळीच्या शेवटी एक किलो माल काढून चाळायचा आणि शाबूत डाळ, तुकडा, चुनी अशा तीन काचेच्या बरण्यांत भरून दाराजवळच्या फळीवर ठेवायचा. वर फक्त पाळी आणि तारीख लिहायची. नाव कोणाचं नाही, दंड नाही, बक्षीस नाही. पाच-सहा दिवसांनी सकाळी रोलरवाला घरी जायच्या आधी त्या फळीसमोर थांबला. रात्रीच्या आणि दिवसाच्या चुनीच्या बरण्या त्याने शेजारी शेजारी धरल्या, बराच वेळ पाहिल्या आणि म्हणाला, “भाऊ, हाई आमले कोनी दखाडंच नही.” सतरा वर्षं तो रोलर चालवत होता. चुनी पोत्यांत भरून मागच्या दाराने पशुखाद्याला जायची, पण दिवसाची किती आणि रात्रीची किती हे कोणी त्याच्यासमोर मांडलं नव्हतं.

त्यानंतरचा शोध त्यानेच लावला, मी नाही. वाळवणीवरची माणसं पोत्यामागे मजुरी घेत. जितकी पोती संध्याकाळच्या आत गोळा होतील तितके पैसे. त्यामुळे ऊन उतरायच्या आत ती माल भरायची आणि तो अर्धवट वाळलेला माल रात्रपाळीच्या माथी यायचा. दिवसपाळीला रात्रभर पडून राहून सुकलेला माल मिळायचा. रात्रपाळी झोपत होती म्हणून उतारा पडत नव्हता, आम्ही ठरवलेल्या मजुरीच्या पद्धतीमुळे पडत होता. आणि आम्ही वर्षानुवर्षं त्या माणसाला बोल लावत होतो.

मग आम्ही दोन बदल केले. वाळवणीची मजुरी पोत्यावरून रोजावर आणली. आणि रोलरवाल्याला सांगितलं, माल ओला वाटला तर परत पाठव, कोणाला विचारू नको. चौथ्या की पाचव्या रात्री त्याने खरंच चाळीस पोती परत लावली. सकाळी ट्रक भरायचा होता. रात्री अकराला मालकांचा फोन आला, चालव म्हणावं त्याला. मी म्हणालो, आज आपण हा माल चालवायला लावला तर हा माणूस पुन्हा कधी एक पोतंही परत पाठवणार नाही, ओला माल निमूट दळत राहील. मालक थोडा वेळ गप्प राहिले आणि मग “बरं” म्हणाले. ट्रक एक दिवस उशिरा गेला, त्याचा भुर्दंड त्यांनी सोसला आणि त्यावरून पुन्हा कधी टोमणा मारला नाही. त्या एका “बरं”ने जे काम झालं ते माझ्या दोन महिन्यांच्या जागरणाने झालं नव्हतं.

खुर्चीची गोष्ट माझ्या एकट्याची नाही. हार्वर्डच्या ईथन बर्नस्टाईन यांनी चीनमधल्या एका मोबाइलच्या कारखान्यात याचाच अभ्यास केला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे सगळ्या लाइनी साहेबांच्या नजरेच्या टप्प्यात होत्या. त्यांनी काही लाइनींभोवती पडदे लावले. पडद्याआडच्या लाइनींचं काम १० ते १५ टक्क्यांपर्यंत वाढलं. कामगारांना काम सोपं आणि लवकर करायच्या युक्त्या माहीत होत्या, पण साहेब बघतोय म्हटल्यावर ते ठरवून दिलेल्या पद्धतीनेच करायचे. समजावून सांगत बसण्यापेक्षा तेच सोयीचं. म्हणून तुमच्या आठ कॅमेऱ्यांपैकी गेट, वजनकाटा आणि गोडाऊन यांवरचे ठेवा. तिथे चोरीचा आणि अपघाताचा प्रश्न आहे. धुण्याच्या टाक्यांवरचे आणि पॅकिंगच्या टेबलांवरचे काढून टाका. दिवसभर तुरटीच्या पाण्यात हात घालून उभ्या राहणाऱ्या बायांकडे कोणीतरी मोबाइलवर सतत बघतंय, ही गोष्ट कामासाठीही वाईट आहे आणि माणूस म्हणूनही.

आता तुमच्या पॅकहाऊसमध्ये बरणीच्या जागी काय ठेवायचं ते सांगतो. प्रत्येक टोळीच्या प्रत्येक बागेतला एक क्रेट मागे ठेवा. तो टोळीने निवडायचा नाही, सुपरवायझरनेही नाही. ट्रक भरताना मधला कुठलाही उचलायचा. त्याला चिठ्ठी बांधा: बाग, टोळी, तारीख, फणी कोणी काढली. तुमच्याकडे पिकवणीची खोली नसेल तर गावातल्या पिकवणाऱ्या व्यापाऱ्याकडे ठेवा, तो नाही म्हणणार नाही. केळी पिकली की टोळी संध्याकाळी परत येते त्या वेळी तो क्रेट टोळीच्या हाताने उघडा. कुठे बोटाचा दाब दिसेल, कुठे नखाचा ओरखडा, कुठे देठाजवळ चिकाचा काळा ओघळ. कापणाऱ्यालाच चटकन कळतं की हे खांद्यावरून उतरवताना झालंय, ते वाहतुकीत झालंय. तुम्हाला बोलायची गरज पडत नाही, आणि बोलूच नका.

दिल्लीहून येणारे फोटोही तुमच्या मोबाइलमध्ये राहू देऊ नका. टोळीच्या मुकादमाच्या मोबाइलवर त्याच दिवशी टाका, बागेच्या नावासकट. आणि इथे एक चूक सगळे करतात: वाईट मालाचा फोटो पोहोचतो, चांगल्या मालाचा पोहोचत नाही. व्यापाऱ्याला सांगून ठेवा, माल चांगला लागला तरी एक फोटो हवाच. आपण सावद्याला कापलेली फणी दिल्लीच्या हातगाडीवर डाग नसलेली, पिवळीधमक दिसते तेव्हा टोळीतल्या पोरांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी पाहिलंय. त्यातल्या एकाने तो फोटो घरी नेऊन आईला दाखवला होता.

पैशाचं काय, हे तुम्ही विचारणारच. टोळीला तुम्ही क्विंटलमागे मजुरी देता. म्हणजे दर आठवड्याला पैसे मोजून तुम्ही त्यांना सांगता की घाई करा, आणि फोनवर ओरडून सांगता की घाई करू नका. माणूस पैशाची भाषा आधी ऐकतो, त्यात त्याची चूक नाही. क्विंटलचा दर एकदम मोडू नका, टोळ्या सोडून जातील. पहिला हंगाम नुसते क्रेट दाखवा. पुढच्या हंगामात पंधरवड्याचे क्रेट स्वच्छ निघाले तर सबंध टोळीला मिळून काही रक्कम द्या. एकट्याला देऊ नका. एकट्याला दिलेलं बक्षीस टोळीत भांडण लावतं आणि घड खांद्यावर देताना दोन माणसांचे हात जुळावे लागतात. रक्कम फार मोठीही ठेवू नका, नाहीतर डाग पडलेले घड बागेतच वाळल्या पाल्याखाली लपवले जातील आणि शेतकरी तुमच्या दारात येईल.

दंड मात्र आजच बंद करा. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा एक प्रयोग आहे, २००० मध्ये प्रसिद्ध झालेला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट झाले. आधी बाईंना ताटकळत ठेवायची लाज वाटत होती, आता पैसे भरले की झालं. पुढे दंड काढून टाकला तरी गेलेली लाज परत आली नाही. तुमच्या पन्नास रुपयांनीही तेच होतंय. शिवाय मजुरीतून दंड कापायला कायद्याची चौकट आहे: मजुरीच्या ३ टक्क्यांची मर्यादा, आधी बाजू मांडायची संधी, आणि जमलेली रक्कम कामगारांच्याच भल्यासाठी खर्च करायची. त्यात तुमचा दंड बसतो का ते बघा. त्यापेक्षा बायांना विचारा, उशीर का होतो. एका पॅकहाऊसमध्ये मी विचारलं तर कळलं की त्यांच्या गल्लीत नळ सकाळी सातला येतो आणि पाणी भरल्याशिवाय कोणती बाई घर सोडणार? काम अर्ध्या तासाने पुढे ढकललं, संध्याकाळी तेवढंच वाढवलं. प्रश्न मिटला. सहा महिने दंड कापला जात होता आणि हा एक प्रश्न कोणी विचारला नव्हता.

सणांचंही तसंच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जाणार, श्रावणात कानबाई देवीचे रोट होणार, पोळ्याला बैलवाला माणूस कामावर येणार नाही, आणि सातपुड्यातली पावरा पोरं होळीआधी भोंगऱ्या बाजाराला गेल्याशिवाय राहणार नाहीत. हे दरवर्षी होतं, तरी दरवर्षी मालक “न सांगता पळाले” म्हणतात. वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडर भिंतीवर लावा आणि त्या दिवसांत कोण थांबणार हे टोळ्यांना आपसांत ठरवू द्या. ते ठरवतात, आणि स्वतः ठरवलेलं पाळतात.

हे सगळं करण्याआधी तुमच्या बाजूचं एक तपासून घ्या. मजुरी ठरल्या दिवशी, बाजाराच्या आदल्या दिवशी, पूर्ण हातात पडते का? मुकादमाकडे दिलेली उचल आणि कापलेली उचल याचा हिशेब मजुराला स्वतःला दिसतो का? मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा बागेत गार पाण्याचा जार पोहोचतो का? बायांसाठी कडी लागणारं स्वच्छतागृह आहे का? यातलं काही नसेल तर क्रेटचा प्रयोग करू नका. तो अपमान वाटेल, आणि वाटायलाच हवा.

तासातासाचा फोन. त्याच्या जागी तीन निर्णय टोळीला देऊन टाका, कागदावर लिहून. घड नीट भरलेला नसेल तर तो कापायचा नाही, शेतकरी कितीही म्हणाला तरी. गाडीत खाली पाला किंवा फोम नसेल तर माल भरायचा नाही. आणि विळा, दोरी, फोम असलं काही संपलं तर दोन हजार रुपयांपर्यंत मुकादमाने आणून मोकळं व्हायचं, पावती नंतर. पहिला निर्णय तुम्हाला जड जाईल, कारण शेतकरी तुमच्या ओळखीचा असणार आणि तो तुम्हालाच फोन करणार. “भाऊ, तुमच्या माणसाने माझे घड सोडले.” त्या वेळी तुम्ही काय बोलता ते टोळीतल्या प्रत्येकाला अर्ध्या तासात कळतं. “तो म्हणतोय ते बरोबर आहे” एवढंच म्हणा. त्याचं चुकलं असेल तर संध्याकाळी बाजूला घेऊन बोला. चारचौघांत कधीही नाही.

सुपरवायझरचं कामही यात बदलतं आणि त्यालाच ते सर्वांत अवघड जातं. आजवर त्याने लक्ष ठेवायचं काम केलं, आता त्याने पुरवायचं काम करायचं. रोज रात्री त्याला एकच विचारा, आज कोणत्या टोळीला काय कमी पडलं? तो “काही नाही” म्हणाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. आठवडाभरात उत्तरं यायला लागतील: विळ्याला धार नाही, खांद्यावरची उशी फाटली, तिसऱ्या बागेतला रस्ता असा आहे की पाचशे फूट घड वाहावा लागतो. तुम्ही ज्याला निष्काळजीपणा म्हणत होता त्यातला निम्मा यात सापडेल.

आणि हो, दोन-तीन माणसं यातल्या कशानेही बदलणार नाहीत. असतात अशी. त्यांना दुसरं काम देऊन बघा, नाही जमलं तर हिशेब करून मोकळं करा. पण त्यांच्यासाठी बाकीच्या सगळ्यांवर पहारा बसवू नका.

पहिला क्रेट उघडायच्या दिवशी स्वतः तिथे हजर राहा, पण मागे उभे राहा. टोळीला बघू दे, आपसांत बोलू दे, एकमेकांकडे बोटं दाखवू दे, ते दहा मिनिटांत थांबतं. मग फक्त विचारा, “पुढच्या बागेत काय करू या?” बहुधा पहिलं उत्तर फोमबद्दल येईल, जुना झाला, दबला, काही उपयोग नाही. तसं म्हणाले तर त्याच संध्याकाळी गाडी पाठवून नवा फोम आणा आणि सकाळी टोळी निघायच्या आत गाडीत टाका.